आवाज कमी केल्यावर

गिटारच्या मल्टी-इफेक्ट प्रोसेसरमध्ये जे आवाज भरलेले असतात, त्यातले कितीतरी मुळात बिघाड होते. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात मध्येच बेस गिटारचा एक तुकडा येतो. वाजवणारा ग्रेडी मार्टिन. नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलचा एक ट्रान्सफॉर्मर बिघडलेला होता, त्यामुळे संथ, गोड चाललेल्या गाण्यात बेसचा सूर फाटून, चरचरत बाहेर पडला. तो तुकडा पुसून पुन्हा वाजवून घेता आला असता; घेतला नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या ग्लेन स्नॉडींनी पुढे तसाच आवाज हवा तेव्हा काढून देणारं सर्किट तयार केलं, गिब्सनने ते १९६२मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून विकायला काढलं, आणि १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधून तो आवाज घराघरांत गेला. त्याआधी १९५८मध्ये लिंक रे या वादकाने ‘रंबल’साठी ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती. १९६४मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला आणि त्यातून ‘यू रिअली गॉट मी’ची ती खरखरीत सुरावट निघाली.

डिलेचंही तसंच. टेपच्या वेटोळ्यावर सूर टिपायचा आणि क्षणभराने पुढच्या हेडवर तो पुन्हा ऐकायचा, ही एकोप्लेक्सची किंवा रोलंडच्या १९७४च्या स्पेस एकोची रीत. टेप झिजली की प्रतिध्वनी मळायचा, किंचित डुलायचा. आज त्या यंत्रांची डिजिटल नक्कल करणारे लोक तेवढ्या मळण्या-डुलण्यासाठी वेगळा नॉब ठेवतात. स्प्रिंग रिव्हर्ब म्हणजे तर पत्र्याच्या खोक्यात ताणून बसवलेल्या स्प्रिंगा. ॲम्पला धक्का लागला की त्या खणाणत. हे सगळं मला फार मोलाचं वाटतं. कुणाचं तरी काहीतरी बिघडलं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते ऐकून ‘थांबा, हे राहू द्या’ म्हटलं, अशा कितीतरी क्षणांची शिदोरी पायाशी ठेवायच्या त्या डब्यात आहे. त्यामुळे ‘कोणता प्रोसेसर घेऊ?’ असं कुणी विचारलं की मला नुसती किंमत आणि फीचर्स सांगून थांबता येत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मिरजेहून भाची पुण्याला आली, ती हाच प्रश्न घेऊन. बारावी झाली, आता कॉलेजच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवते. येण्याआधीच तिने फोनवर दोन यंत्रांची माहिती पाठवून ठेवली होती. इफेक्ट्स किती, ॲम्पची मॉडेल्स किती, पॅच, म्हणजे जुळवून ठेवलेले टोन, किती साठवता येतात, लूपर किती सेकंदांचा. एकाचे आकडे दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. “मामा, किमतीत फारसा फरक नाही, मग जास्तवालाच घ्यायचा ना?” असं तिचं म्हणणं, आणि तिच्या वयात मीही तेच म्हटलं असतं. बाजार त्याच आकड्यांवर चालतो. नव्याने घेणाऱ्यापुढे दुसरं काही ठेवलेलंच नसतं.

प्रोसेसर घ्यावा की नाही, हा प्रश्न मात्र नव्हता. गॅदरिंगच्या एका संध्याकाळी गिटारवाल्याला ‘दम मारो दम’ वाजवायचं असतं, पाठोपाठ एखादं भावगीत, आणि शेवटी पोरं ‘झिंगाट’ झाल्याशिवाय उठत नाहीत. तिन्हीला तीन टोन लागतात. सुटी पेडल्स घ्यायची तर प्रत्येकाला नऊ व्होल्टचा पुरवठा, मधल्या छोट्या केबली, सगळं बसवायला बोर्ड, आणि ते ओझं उचलून एसटीत चढायचं. शिवाय व्हॉल्व्हच्या ॲम्पचा टोन तो ॲम्प चांगला मोठ्याने वाजू लागल्याशिवाय फुलत नाही, आणि फ्लॅटमध्ये ते शक्य नाही. प्रोसेसरला हेडफोन लावून रात्री अकराला वाजवता येतं. तिच्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

आकड्यांचा भर कमी व्हावा असा काळही आता आला आहे. बॉसने १९७७मध्ये छोटी रंगीत पेडल्स आणली आणि १९८८मध्ये एमई-५ काढून अनेक इफेक्ट्स एका पट्टीवर बसवले. १९९०च्या सुमारास झूमने गिटारच्या पट्ट्याला अडकवता येईल एवढा ९००२ काढला. १९९८चा लाइन सिक्सचा लाल पॉड हा ॲम्पची नक्कल घराघरांत नेणारा. पुढे फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स आणि केम्पर आले. केम्परने तर समोरच्या खऱ्या ॲम्पचाच ठसा घ्यायला सुरुवात केली. आज तेच काम करणारं न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्यावर फुकट मिळतं. इतकं सगळं झाल्यावर स्वस्त प्रोसेसरमध्येही ढिगाने मॉडेल्स असतात. ती असण्याचं अप्रूप संपलं आहे. ती बोटांना कशी उत्तर देतात, एवढंच बघायचं उरलं आहे.

आपल्याकडे या यंत्राचा सगळ्यात जाणता वापर मी गिटारवाल्यांकडे नव्हे, बेंजोवाल्यांकडे पाहिला. मुंबईत, कोकणात गणपतीच्या मिरवणुकीला जी बेंजो पार्टी असते, तिच्यातला बेंजो म्हणजे कळा दाबून वाजवायचं तारवाद्य, बुलबुलतरंगाचं विजेवर चालणारं रूप. त्याला पिकअप बसवलेला असतो आणि तिथून वायर जाते ती थेट गिटारच्या प्रोसेसरमध्ये. भोवती ढोल, ताशा, कच्छी, स्नेअर. वर मोकळं आकाश. आवाज टेम्पोवरच्या स्पीकरमधून रस्त्यावर फेकायचा. अशा गदारोळात गाण्याची चाल शेवटच्या माणसापर्यंत अक्षर न् अक्षर पोचवायची जबाबदारी त्या एका वाद्यावर असते. परळला एका वादकाला मी प्रोसेसर लावताना जवळ उभं राहून पाहिलं. डिस्टॉर्शनचा पॅच चालू केला आणि पहिलं काम काय केलं, तर गेन, म्हणजे आवाज फाटवणारा जोर, जवळजवळ निम्मा खाली आणला. मग मधली पट्टी, म्हणजे मिड्स, हळूहळू वर घेतले. रिव्हर्ब बंदच केला. मी कारण विचारलं तर म्हणाला, “गेन चढवला ना दादा, की हरकत पुसली जाते. नुसता आवाजच राहतो, गाणं जातं.” रिव्हर्बबद्दल तर त्याला विचारावंही लागलं नाही, उघड्या रस्त्यावर तो नुसता गिचका करतो. त्या माणसाने आपल्या यंत्रातले किती इफेक्ट्स कधी लावून पाहिले असतील, मला माहीत नाही. जे दोन-तीन त्याला लागतात, त्यांची नस त्याला सापडली होती.

भाचीला हे सांगताना मला मिरजेचाच आधार घ्यावा लागला. तिच्या घरी आजीचा तानपुरा आहे. तानपुरे-सतारी बनवणाऱ्यांच्या गावात ती वाढली. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावणं म्हणजे काय, हे तिने लहानपणापासून पाहिलं आहे. घोडीचा माथा कारागीर घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. तार त्या उतारावर किंचित घासत थरथरली पाहिजे, आणि तिच्याखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकला पाहिजे, म्हणजे एका सुरातून वरचे सूर उमलायला लागतात. ओव्हरड्राइव्ह तेच करतो, फक्त विजेच्या वाटेने. गिटारकडून आलेल्या लहरीचे शेंडे तो छाटतो, आणि छाटलेल्या लहरीत मूळ सुराच्या पटीतले नवे सूर तयार होतात. १९७९च्या आयबानेझ ट्यूब स्क्रीमरमध्ये हे काम दोन चिमुकले डायोड करतात. शेंडा कडेला धारदार न कापता गोलसर दाबतात, आणि जोडीला पेडलचं बाकीचं सर्किट आवाजाचा मधला भाग पुढे काढतं. बँडच्या कल्लोळात तो टोन हरवत नाही तो त्यामुळेच. “म्हणजे गेन ही जवारीच,” भाची म्हणाली, आणि जवारी जास्त उघडली तर षड्जच बुडतो हे तिला सांगावं लागलं नाही.

दुकानात दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी मांडून ठेवली होती. दाखवणारा मुलगा वाजवण्यात तरबेज होता. कंपनीने भरून दिलेले पॅच त्याने एकापाठोपाठ एक दाबत नेले: भरगच्च गेन, त्यावर डिले, त्यावर हॉलभर रिव्हर्ब. असे पॅच विक्रीसाठीच बांधलेले असतात. एकट्याने वाजवताना ते भव्य वाटतात. बँडमध्ये ड्रम आणि बेस सुरू झाले की त्यांचा चिखल होतो. मी त्याला विनंती केली, की एक रिकामा पॅच द्या. एक साधा ॲम्प, एक कॅबिनेट, बाकी काही नको. कॅबिनेट मात्र हवंच. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. तो गाळणारा भाग काढला तर हेडफोनमध्ये डिस्टॉर्शन नुसतं घोंगावतं. आता प्रोसेसरमध्ये हे काम इम्पल्स रिस्पॉन्सवर होतं, म्हणजे खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेल्या ठशावर. स्वस्त यंत्राचा टोन टोचतो अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा ॲम्पची नक्कल चांगलीच असते, कॅबिनेट चुकीचं लावलेलं असतं.

रिकाम्या पॅचवर तिने गिटार घेतली. मी ॲम्पचा गेन एवढाच वाढवला, की जोरात छेडल्यावर सूर फाटावा. मग म्हटलं, हाताने वाजव, पिक ठेव बाजूला. हळू. आता जोरात. आता गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब दहावरून तीनवर आण आणि पुन्हा तेच वाजव.

माझ्या मते प्रोसेसरची खरी परीक्षा ही एवढीच आहे. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकावर हजारो वेढ्यांचं तांब्याच्या तारेचं गुंडाळं. तार जितकी जोरात हलेल तितका त्यातून जास्त वीजदाब येतो. आवाज फाटायचा की नाही, हे त्या दाबावर ठरतं. म्हणजे बोटांचा जोर हाच पहिला गेन, आणि गिटारवरचा नॉब हा दुसरा. चांगल्या व्हॉल्व्ह ॲम्पसमोर वादक एकही पेडल न दाबता त्या नॉबवर करंगळीने कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो. १९६६च्या फझ फेसची तर ख्यातीच ही, की नॉब थोडा मागे घेतला की फाटका आवाज निवळतो आणि काचेसारखा स्वच्छ होतो. त्याचं कारण त्या पेडलच्या इनपुटमध्ये आहे. त्याचा अडथळा फार कमी असतो, तो पिकअपवर भार टाकतो, आणि त्यामुळे नॉब हलला की सगळं नातंच बदलतं. प्रोसेसरचा इनपुट सहसा दहा लाख ओहमचा. तो पिकअपला जाणवतही नाही. म्हणूनच फझची नक्कल करणं अवघड गेलं, आणि लाइन सिक्सच्या हेलिक्ससारख्या यंत्रांत इनपुटचा अडथळाच बदलता येईल अशी सोय करावी लागली.

जास्त इफेक्ट्सवाल्या यंत्रावर नॉब तीनवर आल्यावर तोच फाटका आवाज फक्त लहान झाला. दूरच्या रेडिओवर लागल्यासारखा. दुसऱ्यावर सूर निवळत गेला. जोरात छेडलं की कडेला किंचित चरचर यायची, हळू छेडलं की जायची. भाचीने मान वर केली नाही. तीच ओळ तिने पुन्हा पुन्हा वाजवली, दर वेळी बोटाचा जोर थोडा बदलून. मग न विचारताच दोन्ही केबली अदलाबदल करून पहिल्या यंत्रावर खात्री करून घेतली. या वयात इतकं नीट ऐकणारी मुलगी माझ्या घरातली आहे, याचा मला फार आनंद झाला.

दुसरी एक चाचणी दुकानात फारसं कुणी करत नाही. गेन भरपूर वाढवायचा, पहिल्या तारेवर अगदी वरच्या पडद्यावर सूर धरायचा आणि तार हळूहळू ओढत सूर चढवायचा. सूर वर जात असताना पाठीमागे एखादी बारीक शिट्टी खाली उतरताना ऐकू आली, तर ते नक्कल करण्याच्या पद्धतीतलं उणेपण आहे. डिजिटल यंत्र सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतं. त्याच्या निम्म्याहून वरचे सूर त्याला मांडता येत नाहीत. डिस्टॉर्शनमध्ये तयार झालेले तसले सूर नाहीसे न होता दुमडून खाली येतात, आणि मूळ सुराशी त्यांचं कसलंच नातं नसल्यामुळे ते बेसूर लागतात. नीट बांधलेलं यंत्र डिस्टॉर्शनपुरतं मापांचा वेग कित्येक पट वाढवून हे टाळतं. यासाठी प्रोसेसरची ताकद खर्च होते, आणि ती इफेक्ट्सच्या यादीत कुठेच दिसत नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन पाहून घेतल्या. सूर लांबवर धरला तर नॉइज गेट त्याचं शेपूट तोडतो का. डिले चालू असताना पॅच बदलला तर आधीचे प्रतिध्वनी विरत जातात की मध्येच गप्प होतात. गाण्यात कडव्यावरून ध्रुपदावर येताना ही फट फार बोचते. बटणं पायाला लागतील इतक्या अंतरावर आहेत का. आणि बॅटरीवर चालतो का. हा मुद्दा मी तिला आग्रहाने सांगितला, कारण आपल्याकडच्या मांडवात आणि जुन्या हॉलमध्ये अर्थिंगचा भरवसा नसतो, आणि ॲडॉप्टर लावताच गुंईऽ सुरू होते. बॅटरीवर निदान आपल्या बाजूचा घोटाळा तरी मिटतो.

घेतलं ते दुसरं, कमी आकड्यांचं. मॉडेलचं नाव इथे लिहीत नाही. थोड्याच काळात ते दुकानातून जाईल आणि त्याच्या जागी नवं येईल.

घरी आल्यावर पहिल्या रात्री आम्ही डिले बसवला. १९८७च्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’मध्ये यूटूचा एज जो वापरतो, तो प्रतिध्वनी पाऊण मात्रेवर पडतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि डिले ३७५चा. आपण मात्रेला दोन सूर वाजवायचे; प्रतिध्वनी मधल्या मोकळ्या जागांत बरोबर जाऊन बसतात आणि ऐकणाऱ्याला मात्रेला चार सूर ऐकू येतात. लय थोडी जरी सरकली तर सगळं विस्कटतं. भाचीने आधी हाताने मात्रा धरली, तोंडाने पाऊण मात्रेवर ‘ता’ म्हणून पाहिलं, ते पक्कं झाल्यावर मगच गिटार घेतली. डिले तिला लय शिकवत होता आणि ती डिलेला. कंपनीचे बहुतेक पॅच तिने दोन दिवसांत पुसून टाकले. राहिले ते तीन: एक स्वच्छ, एक जवारीचा (तिने पडद्यावर तसंच नाव दिलं), आणि एक पाऊण मात्रेचा.

जानेवारीत गॅदरिंग झालं. साऊंडवाल्याने प्रोसेसरमधून सरळ लाइन घेतली, स्टेजवर ॲम्प नव्हताच. साऊंड चेकला तिचा स्वच्छ पॅच हॉलमध्ये लांबट, धुरकट ऐकू यायला लागला. मी मागच्या रांगेतून खुणेने विचारत होतो, डिले कमी करतेस का. तिने खाली वाकून तिन्ही पॅचमधला रिव्हर्ब शून्यावर आणला. हॉलच्या भिंती उघड्या सिमेंटच्या, छत पत्र्याचं. गुंज तिथे आधीपासूनच होती. मग तिने स्वच्छ पॅचवर मिड्स थोडे वर घेतले आणि ड्रमवाल्याला म्हणाली, “आता दे.” गिटार मागच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होती.